घरचं ऑलिव्ह तेल : नवशिक्यांसाठी खात्रीशीर मार्गदर्शन

साहित्य : ऑलिव्हची झाडं ४२, टेकडीचा उतार १ (जमेल तितका तीव्र), जाळ्या ६, शिड्या २ (पैकी एक मोडकी), जाळीदार क्रेट २५, व्याही १, विहीणबाई १, आणि चवीपुरता पाऊस.

यातले व्याही बाजारात मिळत नाहीत. आम्हाला ते मुलीने मिळवून दिले. ती फ्लोरेन्सला शिकायला गेली आणि तिथलीच झाली. लग्नात कळलं, की जावयाच्या घरची क्यांतीच्या टेकड्यांवर ऑलिव्हची ४२ झाडं आहेत. मुलीची आई म्हणाली, "चला, तेलाचा प्रश्न मिटला." हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलं आहे. मुलीच्या बापाचा मान कसा राखतात ते मला ठाऊक आहे. त्याला मोडक्या शिडीच्या वरच्या पायरीवर चढवायचं आणि खालून व्याह्यांनी "अजून डावीकडे, अजून डावीकडे" असं ओरडायचं, हे त्यात कुठे बसत नाही. पण पाच हंगाम ते झालं आहे, आणि उभी हयात बँकेत गेल्यामुळे प्रत्येक हंगामाची वही मी ठेवली आहे. पुढचं मार्गदर्शन त्या वहीतून.

जागा

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो : आपल्याकडे लावता येईल का? जरूर लावा. मी अलिबागच्या वाडीत नारळ-सुपारीच्या मधोमध एक रोप लावलं होतं. वाढलं, चकचकीत झालं, शेजाऱ्यांनी फोटो काढले. फूल एक नाही. ऑलिव्हला फुलायचं तर हिवाळ्यातली काही आठवड्यांची थंडी लागते. ती नाही मिळाली तर झाड नुसती पानं काढत बसतं. उन्हाळा कोरडा लागतो, आणि मुळाशी पाणी थांबलेलं मुळीच चालत नाही. थोडक्यात, कोकणाने जे जे द्यायचं ठरवलं आहे ते ते त्याला नको असतं. तिसऱ्या पावसाळ्यात ते मुळापासून कुजलं.

आपल्या देशात हा उद्योग राजस्थानने २००७ साली अंगावर घेतला. मदतीला इस्रायलचे तज्ज्ञ होते, आणि भागीदारीत ठिबक सिंचनवाली पुण्याची एक कंपनीही होती. बिकानेरकडे लूणकरणसरला तेलाचा कारखानाही उभा राहिला. तेव्हा ज्यांना देशातच राहून ऑलिव्ह करायचं आहे त्यांनी वाळवंट गाठावं.

ज्यांना ऑलिव्ह अंगणातच हवं, त्यांनी पारिजातक लावावा. ही थट्टा नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोघांचं कुळ एकच. मोगरा, जाई, जुई याही त्याच घराण्यातल्या. महाबळेश्वरच्या रानातलं पारजांभूळ तर अगदी जवळच्या नात्यातलं. तेलाची शाखा भूमध्य समुद्राकडे गेली, वासाची आपल्याकडे राहिली. वाटणी वाईट झाली असं मला तरी शिडीवर उभं असताना वाटत नाही.

झाड

झाड लावू नये, वारशाने मिळवावं. लावलेलं झाड चार-पाच वर्षांनी पसाभर फळ देतं आणि भरात यायला त्याहून बराच वेळ घेतं. मग मात्र ते शेकडो वर्षं थांबत नाही, म्हणजे लावणारा सोडून सगळे त्याचं तेल खातात.

व्याह्यांच्या एकाही झाडाला एक सरळ खोड नाही. एका बुंध्यातून तीन-चार खोडं गोलाकार उभी, मध्ये पोकळी. मला ती खास जात वाटली होती. ती जात नव्हे, १९८५ सालचा जानेवारी आहे. त्या महिन्यात फ्लोरेन्सजवळ पारा उणे २३ पर्यंत उतरला आणि तोस्काना प्रांतातली ऑलिव्हची बहुतेक झाडं जमिनीपर्यंत मेली. लोकांनी खोडं जमिनीलगत कापली, त्यांचं सरपण केलं. मुळं मात्र जिवंत होती. फुटवे आले, त्यांतले जोरकस तीन-चार राखले, आजची झाडं ती. व्याही या विषयावर फारसं बोलत नाहीत. खोडांच्या मधल्या पोकळीत हात घालून दाखवतात आणि म्हणतात, "इथे आजोबांचं झाड होतं." नवशिक्याने अशा वेळी काही विचारू नये.

जातींची नावं पाठ करा : फ्रान्तोयो, लेच्चीनो, मोरायोलो. त्यांच्यात एक-दोन पेन्दोलीनो हवेतच, कारण बाकीच्यांना फळ धरायला त्याचा परागकण लागतो. ते काम वारा करतो, मधमाश्यांचे उपकार नकोत. मे-जूनमध्ये झाड फुलांनी पांढरं होतं आणि नवशिक्या मनात तेलाचे डबे मोजू लागतो. शंभर फुलांमागे एखाद-दुसरं फळ टिकतं. पाच टिकली तर गावात बोलबाला होतो. एक सूचना : घाण्यालाही तिथे फ्रान्तोयोच म्हणतात. पहिल्या वर्षी "हे फ्रान्तोयोला ने" असं ऐकून मी भरलेला क्रेट उचलून परत झाडापाशी नेऊन ठेवला होता.

छाटणी

फेब्रुवारी ते एप्रिल. झाड आतून मोकळं ठेवायचं, भांड्यासारखं, म्हणजे ऊन मधपर्यंत पोहोचतं. किती मोकळं? पाकोळी पंखही न लागता आरपार गेली पाहिजे, असं तिकडचे जुने लोक सांगतात. यापलीकडे दोन माणसांचं कधीच एकमत होत नाही. व्याही छाटतात तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ हात मागे बांधून उभे राहतात आणि एक शब्द बोलत नाहीत. ते न बोलणं सगळ्या टेकडीला ऐकू जातं. नवशिक्याने कात्री हातात घ्यावी, एक फांदी कापावी, आणि ती कापायला नको होती हे दोन्ही भावांकडून एकदमच ऐकावं. त्या घरात वर्षातून तेवढंच एकमत होतं, ते घडवून आणल्याचं समाधान मानावं.

औषधपाणी

इथे नाशिककडचे वाचक मला शिकवतील. मोरचूद आणि चुना, आपलं बोर्डो मिश्रण, पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगासाठी. खरी धास्ती माशीची. ही माशी फळाला टोचते, आत अंडं घालते, अळी गर पोखरते, आणि मग तेलाला जो वास येतो तो पाहुण्यांसमोर आणू नये असा. कडक उन्हाळा तिला सोसत नाही, म्हणून ऑगस्टच्या उकाड्यात सगळे घामाघूम असताना व्याही खूश असतात. २०१४ साली उन्हाळा ओला आणि थंड गेला. त्या वर्षीचं तेल म्हटलं की गावात लोक विषय बदलतात.

दक्षिणेकडच्या पुलिया प्रांताचं नाव निघालं की थट्टा बंद होते. २०१३ साली तिथे झायलेला नावाचा जिवाणू सापडला. फेस करणारे बारके किडे तो झाडाझाडांत पोहोचवतात, पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. लाखो झाडं गेली, त्यांत कित्येक शतकांची होती. तेव्हापासून व्याही फांदीचं टोक वाळलेलं दिसलं की आधी उभे राहतात, मग जवळ जातात.

शहाण्यांसाठी आडवाट

वरची सगळी कामं टाळून ऑलिव्हमधून पैसा करण्याची एक पद्धत आहे, आणि ती अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवली आहे. थेलीस नावाच्या तत्त्ववेत्त्याला लोक त्याच्या गरिबीवरून हिणवत. ग्रहताऱ्यांवरून त्याने ताडलं की पुढचं पीक भरघोस येणार. भर हिवाळ्यात, कोणी विचारत नसताना, त्याने मिलेटस आणि किऑसमधले सगळे घाणे थोडीथोडी अनामत देऊन स्वतःच्या नावावर अडकवून ठेवले. हंगाम आला, गर्दी उसळली, आणि घाणे त्याने आपल्या भावाने भाड्याने दिले. आपल्याकडे हे वेगळं सांगावं लागत नाही. ऊस लावू नये, कारखान्याचा अध्यक्ष व्हावं. कोल्हापूर-सांगलीकडे शाळकरी पोरालाही हे कळतं. ग्रीकांना त्यासाठी तत्त्ववेत्ता लागला.

तोडणी

आधी झाडावरचं एक फळ खाऊन पाहा. प्रत्येक नवशिक्या ते खातो, म्हणून सांगून टाकतो. बरणीतलं ऑलिव्ह खाल्लेल्या माणसाला वाटतं, ताजं त्याहून चांगलं असणार. ते कारल्याला गोड म्हणायला लावतं. ही कडू चव काढायला फळ आठवडेच्या आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवावं लागतं. तुम्ही थुंकाल तेव्हा सगळे दुसरीकडे बघत असतील, पण कामं थांबलेली असतील.

पूर्वी तोडणी नोव्हेंबरअखेर, डिसेंबरपर्यंत चाले. आता ऑक्टोबरच्या मध्यातच सुरुवात होते. लवकर तोडावं तर तेल कमी पण झणझणीत. उशिरा तोडावं तर तेल जास्त पण मिळमिळीत. कधी तोडायचं हे घरातला कर्ता ठरवतो, म्हणजे आमच्याकडे विहीणबाई.

जाळ्या झाडाखाली अंथरायच्या. उतारावर खालच्या कडेला काठ्यांवर त्या उचलून धरायच्या, नाहीतर फळं गडगडत शेजाऱ्याच्या रानात जातात, आणि शेजारी ती परत करतो तेव्हा मोजून केल्यासारखी करतो. मग लांब दांडीचे विजेवर चालणारे पंजे फांद्यांमधून फिरवायचे. फळं गारांसारखी बरसतात. मी झेल्याने एकेक हापूस देठासकट उतरवत मोठा झालो. आंबा खाली पडला तर आजोबा पोरालाच हाक मारत, आंब्याला नाही. तिथे फळाला असं बदडताना पाहून पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अर्थात जेवण दोन तास चालत होतं, तेव्हा शेवटी गेलं.

पंजा एकच, तो व्याह्यांकडे. बाकीच्यांनी हाताने ओरबाडायचं, गाईचं दूध काढतो तशी फांदी मुठीतून ओढत. सराईत माणूस दिवसाला ६०-७० किलो काढतो. मी ३० काढतो, आणि त्यात पानं किती हे क्रेट भरताना विहीणबाई मोठ्याने सांगतात. पाच माणसं, तीन दिवस, ४६२ किलो. वहीत तारीखवार आहे.

फळं पोत्यात भरू नयेत. पोत्यात ती घामेजतात, आंबतात, आणि तेलात तो वास कायमचा बसतो. जाळीच्या क्रेटमध्ये पातळ थर, आणि होता होईल तो एका दिवसात घाण्यावर.

घाणा

घाण्यावर वेळ घ्यावी लागते. हंगामात घाणा रात्रंदिवस चालतो, आणि नवशिक्याला मिळणारी वेळ पहाटे अडीचची असते. आमच्या अलिबागकडे बेने इस्रायल मंडळी पिढ्यानपिढ्या तेल गाळत आली. शनिवारी त्यांचे बैल सुटलेले असत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. तोस्कानातल्या घाण्याला नोव्हेंबरात शनिवार नाही, रविवार नाही, झोपही नाही.

आपण तेल बियांचं काढतो : शेंगदाणा, करडई, तीळ. ऑलिव्हचं तेल मुख्यतः गरात असतं, म्हणून ते तेलापेक्षा रसाच्या जवळचं. फळं धुतली जातात, बियांसकट चिरडली जातात आणि मग त्यांचा लगदा अर्धा-पाऊण तास मंदपणे मळला जातो. मळण्यात सगळी खुबी आहे : तेलाचे बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात. लगदा जास्त तापवला तर तेल अधिक सुटतं आणि वास उडून जातो. २७ अंशांच्या आत राहिलं तरच बाटलीवर थंड पद्धतीचं म्हणून लिहिता येतं. मग गरगर फिरणारं यंत्र तेल, पाणी आणि चोथा वेगळे करतं. जुन्या काळी दगडी जाती होती आणि लगदा गोल चटयांवर पसरून चटयांची चळत दाबत. पर्यटकांना अजून तेच हवं असतं. व्याह्यांना नको असतं, कारण त्या चटया कोणी नीट धुवत नसे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

घाण्यावर तुमचं काम एकच : आपल्या क्रेटवरून नजर हलू न देणं. दोनशे किलोच्या आत माल असेल तर तो दुसऱ्याच्या मालात मिसळतात, आणि दुसऱ्याच्या मालाबद्दल तोस्कानात कोणाचंही मत चांगलं नाही. आपला स्वतंत्र घाणा लागला तरी आधीच्या माणसाचं तेल नळीत राहिलं का, आपलं शेवटचं लीटर पुढच्याला गेलं का, ही शंका असतेच. व्याही मळणीच्या टाकीच्या काचेपाशी उभे राहतात, अतिदक्षता विभागाबाहेर उभे राहावं तसे.

शेवटी तोटीतून जे येतं त्याचा रंग पाहून मी पहिल्या वर्षी म्हणालो, "यात काही मिसळलंय." इतका हिरवा रंग मी फक्त ऑइलपेंटच्या डब्यात पाहिला होता. तेवढ्यात मागून सगळे एकच शब्द विचारायला लागतात : "रेसा?" म्हणजे उतारा. अगदी आपल्या साखर कारखान्यासारखा. उतारा तेरा म्हटलं की समोरचा माणूस आपला साडेतेरा सांगतो. तुमचा साडेतेरा असेल तर त्याचा चौदा. खरा उतारा घाणेवाल्याच्या पावतीवर असतो आणि पावती कोणी कोणाला दाखवत नाही.

कोपऱ्यात शेकोटी असते. तिच्यावर पाव भाजतात, लसूण चोळतात, वरून मीठ आणि आत्ताच्या तेलाची धार. तोस्कानातल्या पावात मीठच नसतं, त्यामुळे वरचं मीठ जाणवतं. याला फेत्तुंता म्हणतात आणि पर्यटक तो खाताना डोळे मिटतात. भाकरीवर चटणी आणि चटणीवर कच्चं तेल ज्याने लहानपणापासून खाल्लं आहे त्याला डोळे मिटायची गरज पडत नाही. तरी पहाटे चारला, तीन दिवसांची पाठ घेऊन, मी चार खाल्ले.

चव

घोट घ्या, तोंडात हवा ओढा, गिळा. घशाला ठसका लागेल. नवशिक्याला वाटतं तेल बिघडलं. तिथे त्यालाच दाद समजतात. गॅरी बोशॅम्प या शास्त्रज्ञाला सिसिलीत ताजं तेल चाखताना हाच ठसका लागला आणि ओळखीचा वाटला, कारण पातळ आयब्युप्रोफेन चाखताना घसा असाच धरतो हे त्याला कामामुळे माहीत होतं. शोध घेतल्यावर तेलात तसाच काम करणारा पदार्थ निघाला. २००५ साली त्याचं नाव ओलिओकॅन्थल म्हणून जाहीर झालं. आमच्या घरी हे कळल्यावर सौ.ने गुडघ्यांसाठी दोन चमचे सुरू केले. तेवढ्याने गुडघ्याला काही कळत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

पारखी लोक तेल निळ्या पेल्यात चाखतात, म्हणजे रंग दिसू नये, कारण हिरवा रंग ही चांगल्या तेलाची खूण नव्हे. व्याह्यांचं तेल व्याही काचेच्या पेल्यात, उजेडाकडे धरूनच चाखतात.

दुकानातल्या बाटलीविषयी दोनच ओळी. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत आणि चाखणाऱ्यांना एकही दोष न सापडलेलं. लाइट लिहिलेलं तेल शुद्धीकरण केलेलं असतं. वजन कमी करण्याशी त्याचा संबंध नाही. आणि पोमेस म्हणजे उरलेल्या चोथ्यातून द्रावक घालून काढलेलं.

साठवण

अंधारात, गार जागी, गॅसपासून लांब. हे तेल लोणच्यासारखं मुरत नाही, तांदळासारखं जुनं होऊन भाव खात नाही. वर्ष-दीड वर्षात संपवायचं. पाहुण्यांसाठी जपून ठेवाल तर पाहुण्यांना खवट मिळेल. फोडणी चालते का? चालते. विहीणबाईंसमोर मी त्यात मोहरी तडतडवली, हिंग टाकला. त्यांनी खिडकी उघडली, मग भात दोनदा घेतला.

हिशेब

उतारा १३ टक्के, म्हणजे ६० किलो, म्हणजे ६५ लीटर. घाण्याची मजुरी क्विंटलला वीसेक युरो. त्यात पंज्याची बॅटरी, बोर्डो, छाटणीवाल्याचे दोन दिवस, फाटलेली जाळी, तोडायला आलेल्यांची तीन दिवसांची जेवणं. विमानाची आमची दोन तिकिटं धरली, १ लाख ३० हजार, तर नुसत्या तिकिटांपोटी लीटरमागे दोन हजार रुपये पडतात. वही मी व्याह्यांसमोर ठेवली. त्यांनी मन लावून पाहिली. मग मुलीकरवी विचारलं, की सासऱ्यांचं तिकीट तेलाच्या खर्चात धरायचं तर नातीच्या खर्चात काय धरायचं? बँकेत या नोंदीसाठी खातं नव्हतं.

वाटप : तोडणाऱ्यांना पाच-पाच लीटर, धाकट्या भावाला दहा (तेवढं न बोलल्याबद्दल), विहीणबाईंच्या बहिणीला पाच, आम्हाला पत्र्याचा पाच लीटरचा डबा. तो चेक-इनच्या बॅगेत, आधी प्लॅस्टिकमध्ये, मग टॉवेलमध्ये, मग लेंग्यात गुंडाळायचा. एका वर्षी तो गळला. त्या बॅगेतला सदरा अजून पाणी धरत नाही.

यंदा झाडं लगडली म्हणजे पुढच्या वर्षी रुसणार. एक साल भरतं, एक रिकामं जातं. पुढच्या वर्षी येऊन उपयोग नाही, असं मी दर भरल्या सालानंतर सांगतो.

आवरणे

शेवटच्या दिवशी जाळ्या धुऊन उन्हात टाकायच्या. वाळल्या की दोघांनी मिळून घडी करायची. एक टोक मी धरतो, दुसरं विहीणबाई. नऊवारी लुगड्याची घडी घालावी तसं पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही, पण हे दोघांनाही आईने शिकवलेलं आहे. गेल्या वेळी चौथ्या घडीत कुठूनशी तीन ऑलिव्ह निसटली आणि उतारावरून गडगडत निघाली. घाणा आदल्या रात्रीच बंद झाला होता. ४६२ किलोंत तीन फळं. व्याही ओट्यावर बसल्या बसल्या बघत होते, हसले. मी तोवर दोन उचलली होती आणि तिसरीमागे शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत पोहोचलो होतो.